एक खांब गेला तरी इमारत उभी का राहते? आरसीसी सांगाडा आणि साखळी-कोसळ

सांगाडा (धागाकर्ता; मूळ लेखन)

एखाद्या बहुमजली इमारतीचा तळमजल्यावरचा एक खांब स्फोटाने, अवजड वाहनाच्या धडकेने किंवा आगीने निकामी झाला, तर त्याच्या आजूबाजूचा थोडा भाग पडेल हे समजण्यासारखे आहे. परंतु त्या एका खांबापायी निम्मी इमारत जमीनदोस्त झाली, तर मूळ आघात आणि अखेरची हानी यांचा मेळच बसत नाही. अशा कोसळण्याला ‘प्रोग्रेसिव्ह कोलॅप्स’ म्हणतात. मी या धाग्यात ‘साखळी-कोसळ’ असे लिहीन. आरसीसी इमारत ही साखळी कशाच्या बळावर रोखते, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. माझे मत आधीच मांडतो: इमारत वाचते ती खांब-तुळयांच्या जाडीपेक्षा सांध्यांतून सलग गेलेल्या सळयांमुळे, आणि विशेषतः ज्या ठिकाणी नेहमीच्या गणितात सळईची गरजच दिसत नाही अशा ठिकाणच्या सळयांमुळे.

या विषयाला स्वतंत्र स्थान मिळाले ते १६ मे १९६८ रोजी. लंडनच्या कॅनिंग टाऊन भागातील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत, १८व्या मजल्यावरील कोपऱ्याच्या सदनिकेत पहाटे गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता. त्या सदनिकेतील रहिवासी स्वतः त्यातून बचावल्या. मात्र त्या स्फोटाने भार वाहणारी बाहेरची भिंत ढकलली गेली, वरच्या मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले आणि त्यांच्या आघाताने खालचे मजलेही एकामागून एक पडत गेले. इमारतीचा तो अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत नाहीसा झाला आणि ४ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे फलक एकमेकांवर रचून उभारलेली होती, आणि हे फलक जागेवर राहत होते ते मुख्यतः वरच्या वजनामुळे व घर्षणामुळे. त्यांना एकमेकांशी घट्ट बांधणारे पोलाद जवळपास नव्हतेच. त्यानंतर ब्रिटनने १९७० मध्ये नियम बदलले. पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतीत एखादा आधार काढून टाकला तरी हानी मर्यादित राहिली पाहिजे, आणि जो घटक काढल्यास ती मर्यादा पाळता येत नाही त्याने प्रति चौरस मीटर ३४ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोचे वजन) इतका दाब सोसला पाहिजे, असे ठरले. हा आकडा युरोपीय संहितेत आजही आहे.

आता जागेवर ओतलेल्या आरसीसी सांगाड्याचा विचार करू. समजा, खांब ६ मीटर अंतरावर आहेत. मधला खांब नाहीसा झाला की दोन गाळे (गाळा म्हणजे लगतच्या दोन खांबांमधील अंतर) मिळून १२ मीटरचा एकच गाळा होतो. बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवणारा जोर) गाळ्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती चौपट होते. शिवाय आधार अचानक गेल्यामुळे भार झटक्याने येतो. सांगाडा पूर्णपणे लवचीक राहिला, म्हणजे त्याला कायमची हानी झाली नाही, असे मानल्यास या झटक्याचा परिणाम त्याच भाराच्या दुपटीइतका असतो. ही दोन्ही वाढ डोळ्यांत भरणारी आहे, तरी माझ्या मते खरा धोका तिसऱ्या गोष्टीत आहे. खांब असताना त्याच्या माथ्यावर तुळईची वरची बाजू ताणली जाते, म्हणून जाड सळया वर असतात. खांब गेला की त्याच ठिकाणी ताण खालच्या बाजूला येतो. केवळ नेहमीच्या भारांसाठी आखलेल्या तुळईत खालच्या सळया खांबात जेमतेम थोड्या आत जाऊन थांबलेल्या असतात. त्या ताण घेण्यापूर्वीच काँक्रीटमधून निसटतात आणि तुळई मधोमध उघडते.

खालच्या सळया सलग असतील, तर मात्र सांगाडा टप्प्याटप्प्याने झुंज देतो. प्रथम वरच्या सर्व मजल्यांच्या तुळया आणि खांब मिळून चौकटीसारखे काम करतात व भार शेजारच्या खांबांकडे वळवतात. तुळई तडकली की ती लांब होऊ पाहते, पण दोन्ही बाजूंचा सांगाडा तिला लांब होऊ देत नाही. त्यामुळे तिच्यात दाब निर्माण होऊन कमानीसारखे अतिरिक्त बळ मिळते. खच (तुळई मधोमध जितकी खाली येते ते अंतर) साधारण तुळईच्या खोलीइतकी झाली की ही कमान संपते, काँक्रीट चिरडते आणि क्षमता काही काळ घटते. त्यानंतर तुळई वाकण्याने भार घेणे सोडून देते आणि तिच्या सळया ताणलेल्या दोराप्रमाणे भार टांगून धरतात. ही शेवटची अवस्था येईपर्यंत सळई तुटू नये आणि तिची टोके निसटू नयेत, यासाठीच सारे तपशील असतात.

उत्तरा

मी वास्तुविशारद आहे, संरचनेचे गणित करत नाही, म्हणून दोन शंका विचारते. पहिली अशी की, तळमजल्याचा खांब गेल्यावर त्याच्यावरच्या दहा मजल्यांचा भार लगेच वरच्या एका तुळईवर येत नाही का? तसे असेल तर कोणतीही तुळई तो भार कसा पेलणार? दुसरी शंका दोरासारख्या अवस्थेबद्दल आहे. काही सळया एवढ्या मोठ्या मजल्याचे वजन खरोखर टांगून धरू शकतात, हे आकड्यांत दाखवता येईल का?

सांगाडा

पहिली शंका महत्त्वाची आहे, कारण हा समज अभियंत्यांमध्येही आढळतो. खालचा आधार गेला की वरचा खांब सर्व मजल्यांसह एकत्र खाली सरकतो, म्हणून प्रत्येक मजल्याच्या तुळया सारख्याच वाकतात आणि प्रत्येक मजला मुख्यतः आपापला भार शेजारी पोहोचवतो. मजले सारखे असतील, तर दहा मजल्यांची इमारत दोन मजल्यांच्या इमारतीपेक्षा या बाबतीत फारशी वाईट ठरत नाही. मात्र जिथे वरचे खांब खालपर्यंत न नेता मध्येच एका मोठ्या तुळईवर उभे केलेले असतात, तिथे तुमची भीती शब्दशः खरी ठरते, कारण त्या एका तुळईच्या आधाराशी वरचे सर्व मजले बांधलेले असतात.

दुसऱ्या शंकेसाठी ६ मीटरचे दोन गाळे घ्या. तुळईत २० मिलिमीटरच्या ४ सळया सलग आहेत असे समजा. प्रत्येकीचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे १२५७. पोलाद ५०० मेगापास्कलचे असेल तर या सळया मिळून सुमारे ६२८ किलोन्यूटन ताण घेतात. नाहीशा झालेल्या खांबाच्या जागी तुळई १.२ मीटर खाली आली, म्हणजे प्रत्येक अर्धा भाग ०.२ रेडियन (सुमारे ११ अंश) झुकला, तर ताणाचा उभा घटक प्रति मीटर सुमारे ४२ किलोन्यूटन भार पेलतो. अशा गाळ्यात दोन्ही दिशांच्या तुळया भार वाटून घेत असल्याने, प्रत्यक्ष वापरातला भार एका तुळईवर साधारण प्रति मीटर २५ ते ३० किलोन्यूटन असू शकतो. म्हणजे मजला टांगून राहू शकतो. पण खच ०.६ मीटरवरच सळई तुटली, तर क्षमता निम्मी, सुमारे २१ किलोन्यूटनच मिळते आणि मजला पडतो. म्हणून या अवस्थेत सळईच्या ताकदीइतकीच तिची लांबण्याची क्षमता मोलाची असते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या मार्गदर्शक नियमांत हीच ०.२ रेडियनची अट आहे: तुळई तुटल्याशिवाय इतकी झुकू शकते हे दाखवता आले नाही, तर बांधून ठेवणारी सळई तुळईऐवजी स्लॅबमध्ये द्यावी लागते.

या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे ६२८ किलोन्यूटनची आडवी ओढ दोन्ही टोकांना कोणीतरी अडवून धरली आहे. इमारतीच्या आतल्या भागात शेजारचे गाळे आणि स्लॅब ती ओढ घेतात. कोपऱ्याचा खांब गेला तर मात्र एका बाजूला धरायला काहीच उरत नाही, त्यामुळे दोराची अवस्था तिथे मिळतच नाही. फक्त वरच्या मजल्यांच्या चौकटीचे वाकणे कामी येते. कोपरा हा सांगाड्याचा सर्वांत दुबळा भाग मानतात तो यासाठी.

कडेकपार

कोपऱ्याबद्दल एक प्रत्यक्ष प्रयोग येथे नोंदवतो. १९१४ साली बांधलेले सॅन डिएगो हॉटेल पाडण्यापूर्वी संशोधकांनी त्याचे बाहेरच्या बाजूचे दोन लगतचे खांब, त्यांपैकी एक कोपऱ्याचा, स्फोटकांनी एकाच वेळी उडवले. सहा मजली इमारत पडली नाही; वरचा भाग सुमारे ६ मिलिमीटरच खाली आला. दोन्ही दिशांच्या चौकटी आणि त्यांच्यात भरलेल्या पोकळ विटांच्या भिंती यांनी भार वळवला. गणितात आपण या भिंतींना फक्त वजन म्हणून धरतो, पण खऱ्या प्रसंगी त्या बरेच काम करतात. तरीही त्यांच्या भरवशावर रचना करू नये, कारण पुढे कोणीही दार-खिडकीसाठी किंवा मोठ्या दालनासाठी ती भिंत काढू शकतो.

मला मात्र तुळया नसलेल्या इमारतींबद्दल अधिक काळजी वाटते. सपाट स्लॅब थेट खांबांवर टेकलेला असतो, तेव्हा खांब जागेवर असूनही साखळी सुरू होऊ शकते: खांबाभोवतीचा स्लॅब शंकूच्या आकारात फाटतो आणि खांब स्लॅबला भोक पाडून वर येतो. याला पंचिंग म्हणतात आणि ते पुरेशी पूर्वसूचना न देता घडते. एका खांबाशी स्लॅब सुटला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो, तिथेही तेच घडते, आणि सुटलेला स्लॅब खालच्या स्लॅबवर आदळतो. बॉस्टनच्या कॉमनवेल्थ अव्हेन्यूवरील १६ मजली इमारत जानेवारी १९७१ मध्ये बांधकाम चालू असताना अशीच पडली व ४ जण गेले. व्हर्जिनियातील स्कायलाइन प्लाझा येथे २ मार्च १९७३ रोजी ताज्या स्लॅबखालचे टेकू लवकर काढल्याने तेच घडले आणि १४ कामगारांचा बळी गेला.

येथे धागाकर्त्यांचा मुद्दा अगदी लख्ख दिसतो. सपाट स्लॅबमध्ये खांबावरची मुख्य सळई वर असते. पंचिंग झाल्यावर तीच सळई स्लॅबला धरून ठेवेल असे वाटते, पण तसे होत नाही. स्लॅब खाली जाऊ लागला की वरच्या सळया आपल्या डोक्यावरचे पातळ काँक्रीट सोलत बाहेर निघतात. खालच्या सळया खांबाच्या पिंजऱ्यातून आरपार गेलेल्या असतील, तर त्यांच्यावर स्लॅबची पूर्ण जाडी असते. त्या सोलून निघू शकत नाहीत आणि स्लॅब त्यांच्यावर लोंबकळत राहतो. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ३१८ क्रमांकाच्या संहितेने १९८९ पासून अशा सळयांची सक्ती केली: प्रत्येक दिशेने किमान दोन खालच्या सळया खांबाच्या गाभ्यातून सलग गेल्याच पाहिजेत.

किती पोलाद लागते तेही पाहू. खांबाच्या वाट्याला ६ गुणिले ६ मीटरचा स्लॅब येतो आणि भार प्रति चौरस मीटर ८ किलोन्यूटन आहे असे धरल्यास, खांबावर २८८ किलोन्यूटन येतात. कॅनडाच्या संहितेचे सूत्र सांगते की लटकलेल्या सळया साधारण ३० अंशांत झुकतात, म्हणून भाराच्या दुप्पट ताण घेईल इतके क्षेत्रफळ खांबाच्या चारही बाजू मिळून हवे. ते येते सुमारे ११५२ चौरस मिलिमीटर. प्रत्येक दिशेने १६ मिलिमीटरच्या दोन सळया आरपार नेल्या, तर प्रत्येक सळई खांबाच्या दोन्ही बाजूंना मोजली जाते आणि १६०८ मिळतात. १२ मिलिमीटरच्या घेतल्या तर ९०५ इतकेच, म्हणजे अपुरे. अख्ख्या स्लॅबच्या पोलादात हा फरक नगण्य आहे.

प्रांजळ

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु सर्वकाही एकमेकांशी घट्ट बांधावे या निष्कर्षाला माझी हरकत आहे. पडणारा भाग फार मोठा असेल, म्हणजे एकाऐवजी पाच-सहा खांब गेले असतील, तर याच सलग सळया शाबूत भागालाही ओढून खाली आणणार नाहीत का? तुम्हीच हिशेबात दाखवलेली ६२८ किलोन्यूटनची ओढ शेजारच्या खांबावर आडवी बसते, आणि खांब त्यासाठी आखलेला नसतो.

सांगाडा

ही हरकत योग्यच आहे आणि गेल्या काही वर्षांत संशोधनाचा रोख तिकडेच वळला आहे. सलगपणा लहान हानी रोखतो. हानी एका मर्यादेपलीकडे गेली की तोच सलगपणा ती पसरवू शकतो. स्पेनमधील वालेन्सिया येथील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पूर्ण आकाराची दोन मजली, आधी ओतलेल्या काँक्रीटची इमारत उभारून तिचे खांब काढले. सुरुवातीच्या मर्यादित हानीत सांधे शाबूत राहिले आणि इमारत टिकली. मोठ्या हानीत मात्र ठरवून दिलेल्या रेषेवरचे सांधे खांबांच्या आधी तुटले, म्हणून एक भाग पडला आणि उरलेला वाचला. पाल शेपूट टाकून जीव वाचवते, तसा हा विचार आहे. सांध्याची ताकद त्यासाठी दोन्ही बाजूंनी मोजून ठरवावी लागते: लहान हानीत पुरेल इतकी जास्त आणि खांबाला आडवे ओढून पाडणार नाही इतकी कमी. जागेवर सलग ओतलेल्या इमारतीत हे साधणे अवघड आहे. तिथे प्रसरण-सांध्याने (दोन भागांत मुद्दाम ठेवलेल्या फटीने) इमारतीचे स्वतंत्र भाग पाडणे हा अधिक खात्रीचा मार्ग मला वाटतो.

मात्र या विचाराचा आधार घेऊन मूळ सलगपणाच गाळण्याचा सल्ला कोणी देऊ नये. एक खांब जाणे हा प्रसंग पाच-सहा खांब जाण्यापेक्षा कितीतरी अधिक संभवतो.

नवशिका अभियंता

भूकंपासाठी सळयांची जी लवचीक (न तुटता बरीच वाकू देणारी) तपशील-रचना करतात, तीत रिंगा (मुख्य सळयांना वेढणाऱ्या बारीक सळया) जवळ-जवळ असतात आणि सळया सांध्यातून सलग जातात. मग भूकंपरोधक इमारत आपोआप साखळी-कोसळरोधक ठरत नाही का?

कडेकपार

बऱ्याच अंशी ठरते, पण पूर्णपणे नाही. ओक्लाहोमा सिटी येथील मुर्रा फेडरल बिल्डिंग ही ९ मजली आरसीसी इमारत १९ एप्रिल १९९५ रोजी ट्रकमधील बाँबने उद्ध्वस्त झाली आणि १६८ जण मृत्युमुखी पडले. दर्शनी बाजूला वरचे खांब सुमारे ६ मीटरवर होते, पण तिसऱ्या मजल्याच्या पातळीवरील मोठ्या तुळईखाली आधाराचे खांब सुमारे १२ मीटरवर होते. त्यांपैकी एक खांब स्फोटाने थेट नष्ट झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खांब शिअरमध्ये (आडव्या कापणाऱ्या बळाने) तुटले. वरच्या खांबांचा भार घेणारी ती तुळई निराधार झाली आणि इमारतीचा जवळपास निम्मा भाग पडला. नंतरच्या तांत्रिक अहवालाचा निष्कर्ष असा होता की, भूकंपप्रवण भागात वापरतात तशी तपशील-रचना असती, तर खांब टिकण्याची शक्यता वाढून हानी बरीच घटली असती.

याच्या शेजारी पेंटॅगॉन, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचे मुख्यालय, ठेवून पाहावे. १९४१ ते १९४३ दरम्यान बांधलेल्या त्या इमारतीत ११ सप्टेंबर २००१ रोजी विमान घुसले आणि तळमजल्याचे कित्येक खांब नष्ट झाले, तरी आघाताच्या वरचा भाग काही काळ उभा राहिला आणि त्या अवधीत लोकांना बाहेर पडता आले. लहान गाळे, खांबांतून सलग गेलेल्या तुळयांच्या खालच्या सळया, आणि खांबांना गुंडाळलेली सर्पिल सळई, ही कारणे तपास अहवालात दिलेली आहेत. बाहेरचे काँक्रीट उडून गेल्यावरही सर्पिल सळईने आतला गाभा धरून ठेवला. या इमारतीची रचना भूकंपासाठी केलेली नव्हती, हे आपल्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात घ्यावे.

भूकंपाची रचना जिथे अपुरी पडते ती ठिकाणे अशी आहेत. तिथे खांब शाबूत आहेत असे मानून आडव्या बळांचा विचार होतो. त्यामुळे आडवे बळ भिंतींवर सोपवलेल्या इमारतीत सपाट स्लॅब आणि त्याखालचे खांब दुय्यम ठरतात आणि त्यांच्या सांध्यांकडे दुर्लक्ष होऊ शकते.

उत्तरा

आणखी एक विचारते. नव्या इमारतीचे समजले. पण वापरात असलेल्या इमारतीत हा सलगपणा आहे की नाही हे बाहेरून कसे कळणार?

कडेकपार

बाहेरून कळत नाही. मूळ आराखडे असतील तर ते, आणि नसतील तर सळई शोधणारे यंत्र व निवडक ठिकाणी काँक्रीट उघडून केलेली तपासणी, हेच मार्ग आहेत. पण ज्या गोष्टी दिसतात त्यांकडेही दुर्लक्ष होते. दक्षिण कोरियातील सोल शहरातले सांपुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ रोजी कोसळले आणि ५०२ लोक मृत्युमुखी पडले. तिथे सपाट स्लॅब होता, खांब मूळ आराखड्यापेक्षा बारीक केले होते, मजला वाढवून त्याचा वापर बदलला होता आणि छतावरची वातानुकूलनाची जड यंत्रे स्लॅबवरूनच सरकवली होती. खांबांभोवती तडे दिसत होते आणि व्यवस्थापनाला ते माहीत होते. सपाट स्लॅबच्या वरच्या बाजूला खांबाभोवती वर्तुळाकार तडे दिसले, तर तो भाग त्याच दिवशी रिकामा करून खाली टेकू द्यावेत. अहवालाची वाट पाहू नये.

नव्या कामात मात्र ओतण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक सांध्यापाशी उभे राहून पाहता येते, आणि माझा आग्रह असा आहे की पाहणाऱ्याने वरच्या जाड सळयांवर समाधान मानू नये. खालच्या सळया खांबाच्या उभ्या सळयांच्या आतून आरपार गेल्या आहेत का? पिंजऱ्याच्या बाहेरून वळवल्या असतील तर त्या उपयोगाच्या नाहीत. त्यांचे जोड पूर्ण ताण घेतील इतक्या लांबीचे आहेत का आणि त्यांच्याभोवती रिंगा जवळ-जवळ आहेत का? कारण खालच्या सळयांचे जोड आधाराजवळ देण्याची पद्धत आहे, आणि खांब गेला की ताण नेमका तिथेच सर्वाधिक येतो. कडेच्या खांबात सळईचे टोक वाकवून गाभ्यात पक्के अडकवले आहे का? सांध्याच्या आतल्या रिंगा, ज्या बांधायला त्रासदायक असल्याने गाळल्या जातात, त्या आहेत का?

सांगाडा

कडेकपार यांच्या यादीत एका ठिकाणाची भर घालतो: इमारतीच्या संपूर्ण परिघावर, प्रत्येक मजल्यावर फिरणारी सलग सळई. गणितात तिची गरज क्वचितच दिसते, म्हणून कोपऱ्यावर ती दोन तुकड्यांत थांबवलेली आढळते. कोपऱ्यावर ती वळवून पुढच्या बाजूला पूर्ण जोडलांबीने नेली पाहिजे, कारण आतल्या गाळ्यांची आडवी ओढ अखेर याच कड्याने अडवायची असते. पुढच्या लेखनात पायऱ्यांचे आणि लिफ्टचे गाळे असलेल्या ठिकाणी, जिथे स्लॅब नसल्याने हे कडे तुटते, तिथे सळई कशी वळवावी याच्या आकृत्या देतो. कोणाकडे अशा ठिकाणाचे आराखडे असतील तर मालकाचे व जागेचे नाव काढून येथे जोडावेत.